छायाचित्र
छायाचित्र : प्रकाशाच्या क्रियेने संवेदनशील पृष्ठभागावर उमटलेली व टिकवलेली प्रतिमा. ‘छाया’ म्हणजे सावली हा अर्थ येथे अपुरा पडतो. संस्कृतात ती प्रतिबिंबही असते. ‘प्रकाशचित्र’ हा पर्यायी शब्द फारसा रुळला नाही.

व्याख्येतील ‘टिकवलेली’ हे पद कळीचे आहे. अंधाऱ्या खोलीत छिद्रातून पडणारी उलटी प्रतिमा पूर्वापार माहीत होती. चांदीचे क्षार प्रकाशाने काळे पडतात, हे शुल्त्से यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवले होते. वेजवुड व डेव्ही यांनी १८०२ मध्ये अशा क्षारांवर आकृत्या मिळवल्याही. पण उजेडात त्या काळवंडत.

पहिले छायाचित्र कोणते, याविषयी एकमत नाही. कॅमेऱ्याने घेतलेल्यांपैकी आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने छायाचित्र न्येप्स यांचे मानतात. कथलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर त्यांनी बिट्यूमेनचा (डांबरासारख्या पदार्थाचा) थर दिला. उजेड लागलेला भाग कडक झाला, उरलेला धुऊन निघाला. त्याचे वर्ष पूर्वी १८२६ देत. पत्रव्यवहार पाहता १८२७ अधिक संभवनीय वाटते. त्यासाठी आठ तास लागले हेही परंपरेने सांगितले जाते. काही अभ्यासकांच्या मते काही दिवस लागले असावेत. १८३९ मध्ये जाहीर झालेल्या दागेर यांच्या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच, प्रत न निघणारे चित्र मिळे. टॅल्बट यांची कागदी निगेटिव्ह (उजेड व सावली उलट उमटलेली प्रतिमा) १८३५ ची आहे. एका निगेटिव्हवरून अनेक प्रती काढण्याची फिल्मयुगातील रीत त्यांच्यापासून आलेली असल्याने, या तंत्राचे जनकत्व त्यांच्याकडे अधिक जाते.

फिल्मवर जिलेटिनमध्ये सिल्व्हर हॅलाइडचे, म्हणजे चांदीच्या प्रकाशसंवेदी क्षारांचे, सूक्ष्म कण असतात. प्रकाश पडलेल्या कणात चांदीचे मोजके अणू सुटे होतात. ही सुप्त प्रतिमा डोळ्यांना दिसत नाही. विकासक द्रावणात असा संपूर्ण कण चांदीत बदलतो, म्हणजे अत्यल्प प्रकाशाचा परिणाम प्रचंड वाढतो. नंतर हायपोने (सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणाने) न बदललेले क्षार काढून टाकतात. त्याचा हा गुण हर्शेल यांनी १८१९ मध्येच नोंदवला होता.

डिजिटल कॅमेऱ्यात सिलिकॉनचा संवेदक प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करतो व त्याचे मापन अंकांत साठवले जाते. वृत्तपत्रे, वैद्यक, खगोलशास्त्र, ओळखपत्रे यांतील उपयोग सर्वपरिचित आहेत.

रंगीत छायाचित्रांतील रंगद्रव्ये कालांतराने फिकी पडतात. कृष्णधवल प्रती त्यांहून टिकाऊ असतात; मात्र धुताना हायपो राहून गेला, तर त्याही पिवळ्या पडतात.