व्ही-मेल (खलाशांची युद्धकाळातली पत्रं)

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलातली पोरं घरी जी पत्रं धाडायची त्यातली काही व्ही-मेलने जायची. व्ही म्हणजे व्हिक्टरी. सेवा १५ जून १९४२ ला सुरू झाली, १ नोव्हेंबर १९४५ ला बंद. छापील फॉर्मवर एकाच बाजूला लिहायचं (आपल्या आंतरदेशीय पत्रासारखीच जागेची मारामारी), मग त्या पानाचा १६ मिमी फिल्मवर फोटो, प्रवास फक्त फिल्मचा, आणि पलीकडे तळहाताएवढी प्रिंट काढून घरपोच. ३७ पोती टपाल एका पोत्यात मावायचं, म्हणजे साधारण २,५७५ पौंडांचे ४५ पौंड.

ही आयडिया मुळात कोणाची यावर मतं वेगवेगळी आहेत. काहीजण थेट १८७०-७१ च्या पॅरिसच्या वेढ्यापर्यंत मागे जातात, तिथे दाग्रों या फ्रेंच फोटोग्राफरने सूक्ष्म फिल्मवर उतरवलेले निरोप कबुतरं शहरात आणायची. दुसरं मत असं की याचं मूळ, बँकांचे चेक फिल्मवर घ्यायच्या कोडॅकच्या रेकॉर्डॅक मशीनमध्ये, जे १९२० च्या दशकातलं. पण ब्रिटिशांनी १९४१ मध्ये मध्यपूर्वेतल्या फौजेसाठी एअरग्राफ सुरू केलं होतं, तंत्र तेच आणि तेही कोडॅकचंच, त्यामुळे सख्खा नातेवाईक तोच म्हणायला हरकत नाही, कबुतरं फार तर लांबच्या भावकीतली.

पत्त्यात जहाजाचं नाव असायचं पण ठिकाण नाही, नुसतं फ्लीट पोस्ट ऑफिस, न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्को. त्यामुळे पोरगा अटलांटिककडे की पॅसिफिककडे एवढाच अंदाज घरच्यांना. खलाशांची पत्रं जहाजावरचेच अधिकारी वाचायचे, म्हणजे ज्याला दिवसभर सलाम ठोकायचा त्यानेच रात्री तुमचं बायकोला लिहिलेलं वाचायचं. साध्या पत्रातला नको तो मजकूर ब्लेडने कापून काढायचे, व्ही-मेलवर काळी शाई फासायचे. घरून येणाऱ्या फॉर्मवर बायका ओठ टेकवायच्या, ती लिपस्टिक फोटोच्या मशीनमध्ये लागून काम अडायचं, तिला 'स्कार्लेट स्कर्ज' म्हणजे तांबडी पीडा असं नावच पडलं होतं.

तरी बातमी फुटायची. यूएसएस जुनो हे अमेरिकन लढाऊ जहाज १३ नोव्हेंबर १९४२ ला बुडालं, त्यावर आयोवातल्या वॉटर्लूचे पाच सलिव्हन भाऊ होते आणि नौदलाने घरी काहीच कळवलं नव्हतं. जानेवारी १९४३ मध्ये त्यांच्या आईने, अलेटा सलिव्हन यांनी, स्वतःच नौदलाला पत्र लिहून विचारलं, कारण गावातल्या दुसऱ्या एका आईला तिच्या मुलाचं पत्र आलं होतं आणि त्यात तुमचे पाचही गेले असं ऐकल्याचं होतं. त्याच पत्रात त्या हेही लिहितात की फेब्रुवारीत एका नव्या जहाजाचं नामकरण माझ्या हातून व्हायचंय, तेव्हा खरं काय ते कळवा.