मायफळाची शाई आणि ट्रिस्टानची पोथी

‘पूर्वीची शाई नैसर्गिक होती म्हणून शेकडो वर्षं टिकली, आताची सगळी केमिकल!’ हे ज्ञान परवा पुन्हा मोबाइलवर येऊन आदळलं. उत्तरादाखल एक पोथी पुढे करतो.

गॉटफ्रीड फॉन स्ट्रासबुर्गच्या ‘ट्रिस्टान’ या दरबारी प्रेमकाव्याची १३व्या शतकातली सचित्र प्रत म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयात आहे. मामासाठी नवरी आणायला गेलेला ट्रिस्टान आणि ती नवरी, इझोल्डे, दोघं चुकून प्रेमरस पितात; पुढे सगळा घोळ. चित्रं देखणी आहेत, पण मी अडकतो शाईपाशी.

त्या काळी युरोपातली लिहायची नेहमीची शाई मायफळाची. हो, बाळगुटीत उगाळतात तेच. नावात फळ असलं तरी ते फळ नव्हे. गांधीलमाशीच्या गोतातला एक इवला कीटक ओकच्या झाडात अंडं घालतो, अळीभोवती झाड फुगतं, ती ही गाठ. तिच्यात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, ठासून भरलेलं असतं. तिच्या अर्कात हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि डिंक घातला की झाली शाई.

लिहिताना ती फिकी दिसते. मग हवेतला ऑक्सिजन लोहाच्या आयनाचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतो. दोन धनभारांचं लोह तीनचं होतं, टॅनिनमधून सुटलेलं गॅलिक आम्ल त्याला घट्ट धरतं आणि न विरघळणारं काळं संयुग तयार होतं. या व्यवहारात मोकळा झालेला हायड्रोजन सल्फेटच्या पदरात पडतो: गंधकाम्ल! शिवाय हिराकस जास्त पडला असेल, तर उरलेलं फेरस, म्हणजे दोन धनभारांचं, लोह पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलकं, म्हणजे दिसेल त्यावर तुटून पडणारे कण, बनवतं. ती कागद ज्याचा बनतो त्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडतात, आम्लही तोडतं. कागदावरची अक्षरं अक्षराच्याच आकाराची भोकं ठेवून गळून पडतात. नैसर्गिक शाई ती हीच.

मग ट्रिस्टान कसा वाचला? तो चर्मपत्रावर लिहिलाय. केस सुटावेत म्हणून कातडं चुन्याच्या निवळीत भिजवत. मागे राहिलेला चुना पुढे आम्ल मारत राहतो. शिवाय कातडं म्हणजे कोलॅजन हे प्रथिन, सेल्युलोज नव्हे. १५व्या शतकात अल्सासमधल्या हागेनाऊच्या डीबोल्ट लाउबरच्या पोथ्यांच्या कारखान्यात अशाच सचित्र कथा कागदावर उतरू लागल्या. तिथे हे कवच नाही.

आपली काजळाची शाई या भानगडीत पडत नाही. कार्बन नुसता वर बसून राहतो. पाण्याचा थेंब पडला की मात्र पसरतो.