हॅचभोवतीची सपाट बैठक

12 ऑगस्ट 2000 रोजी रशियाची 'कुर्स्क' ही अणुपाणबुडी बॅरेंट्स समुद्रात 108 मीटर खोल तळाशी गेली. 118 जणांचा जीव गेला. त्यांतले 23 जण स्फोटानंतरही मागच्या कप्प्यात काही तास तग धरून होते. रशियाची बचावयानं वारंवार खाली गेली, पण पाणबुडीच्या हॅचवर, म्हणजे बाहेर पडायच्या झाकणावर, घट्ट बसेनात. ब्रिटन आणि नॉर्वेची मदत स्वीकारायला चार दिवस लागले. नॉर्वेच्या गोताखोरांनी हॅच उघडलं, तेव्हा आत पाणी भरलेलं होतं. मदत लगेच मागितली असती तरी ते 23 जण वाचलेच असते, असं म्हणता येत नाही. पण पुढच्या वेळी चार दिवस वाया जाऊ नयेत, हे सगळ्याच नौदलांना उमगलं.

'घट्ट बसणं' ही इथली कळीची गोष्ट. बचावयानाच्या तळाला घंटेसारखा गोल घेर असतो. तो हॅचभोवतीच्या सपाट धातूच्या बैठकीवर टेकवायचा आणि आतलं पाणी उपसायचं. 100 मीटर खोलीवर समुद्र दर चौरस मीटरला सुमारे 100 टन भाराने दाबत असतो. हाच दाब यानाला पाणबुडीवर चिकटवून ठेवतो. मग दोन्ही झाकणं उघडून माणसं कोरडी वर येतात. बैठक जरा खडबडीत किंवा वेगळ्या मापाची असली, तर सगळं फसतं.

म्हणून नाटोने या बैठकीचं माप ठरवून दिलं आहे. लष्करी युती म्हटलं की आपल्याला फौजा आणि करार आठवतात. मला मात्र युतीचं सर्वांत भरीव काम अशा मापांमध्ये दिसतं, कारण त्यामुळे एका देशाचं यान दुसऱ्या देशाच्या पाणबुडीवर बसतं. नाटोबाहेरच्या अनेक नौदलांनीही हे माप उचललं. ब्रिटन, फ्रान्स आणि नॉर्वे यांनी तर एकच बचावसंच सामाईक ठेवला आहे. तो स्कॉटलंडमध्ये असतो. कुर्स्कनंतर नाटोच्या पुढाकाराने 'इस्मर्लो' हे समन्वय कार्यालयही उभं राहिलं. कुठे कोणतं यान तयार आहे, ते तिथे कळतं.

ऑगस्ट 2005 मध्ये कामचाटकाजवळ रशियाची छोटी पाणबुडी एएस-28 दोरखंड-जाळ्यांत अडकली. या वेळी रशियाने मदत लवकर मागितली. ब्रिटनने 'स्कॉर्पिओ' हे दूरनियंत्रित यान विमानाने पाठवलं, त्याने जाळी कापली आणि सातही जण जिवंत वर आले. 2011 मध्ये रशियाची 'अल्रोसा' ही पाणबुडी नाटोच्या बचाव-सरावात उतरली.

भारत नाटोत नाही, पण आपली बचावयानं ब्रिटिश बनावटीची आहेत. पहिला संच 2018 मध्ये मुंबईत दाखल झाला, दुसरा विशाखापट्टणमला आहे. 650 मीटरपर्यंतच्या खोलीतून ती माणसं काढू शकतात. एप्रिल 2021 मध्ये बालीच्या उत्तरेला इंडोनेशियाची 'नंगाला' 53 जणांसह बेपत्ता झाली, तेव्हा विशाखापट्टणमहून आपलं यान निघालं. ते वाटेत असतानाच पाणबुडीचे तुकडे 838 मीटर खोलीवर सापडले.