ठशाला गेलेला तडा आणि कुणिंदांचा राजा

१८१८ सालचं, हनुमानाची छाप असलेलं ‘ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं’ व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून येतच असतं. किंमत लाखात, आणि म्हणे तांदळाचे दाणे ओढून घेतं! कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नव्हतं, पण या ‘राइस पुलर’पायी माणसं खरोखर लुटली जातात. ज्या नाण्यांमुळे आपल्याला एक अख्खा राजा कळला, ती मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

हा राजा म्हणजे अमोघभूती, कुणिंद नावाच्या प्राचीन लोकांचा. बियास ते यमुना आणि त्याही पलीकडे, हिमालयाच्या पायथ्याशी त्यांचा मुलूख होता. महाभारतात ते ‘कुलिंद’ म्हणून येतात, अमोघभूतीचा मात्र तिथे पत्ता नाही. तो भेटतो फक्त नाण्यांवर.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातलं त्याचं चांदीचं नाणं जेमतेम सव्वादोन ग्रॅमचं. एका बाजूला हरीण आणि कमळ घेतलेली लक्ष्मी, भोवती ब्राह्मीत ‘राज्ञः कुणिंदस अमोघभूतिस महाराजस’. दुसरीकडे सहा कमानींचा डोंगर, कठड्यातलं झाड, खाली नदीची नागमोडी रेघ आणि तोच मजकूर खरोष्ठीत, उजवीकडून डावीकडे. खरोष्ठी ही गांधार-पंजाबकडची लिपी, आणि वजनही तिकडच्या यवन, म्हणजे ग्रीक, राजांच्या अर्ध्या द्रम्म नाण्याच्या जवळपासचं. डोंगरातल्या राजाला आपली चांदी मैदानातल्या बाजारात चालवायची होती, हे उघड आहे.

मला स्वतःला राजापेक्षा ठसा, म्हणजे नाणं पाडायचा कोरीव साचा, जास्त आवडतो. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला, त्यावर तापवलेली चांदीची चकती, वर दुसरा ठसा आणि त्यावर हातोडा. चकती जरा सरकली की एका कडेची अक्षरं नाण्याबाहेर जातात. पण दर नाण्याला वेगळ्या कडेची जातात, म्हणून एकाच ठशाची चार-पाच नाणी शेजारी ठेवली की लेख पूर्ण वाचता येतो. शिवाय ठसे हातानं कोरलेले, त्यामुळे दोन ठसे हुबेहूब कधीच नसतात. हरणाच्या शिंगाचा बाक तरी बदलतोच. घाव सोसणारा वरचा ठसा आधी फुटतो. खालच्या ठशांना अ, ब आणि वरच्यांना १, २ म्हटलं, तर ‘अ’बरोबर आधी १ दिसतो, नंतर २, पुढे ‘अ’ बाद झाला की २ ‘ब’बरोबर दिसतो. अ-१, अ-२, ब-२ अशी साखळी लागते. तिचं सुरुवातीचं टोक कुठलं, हे तडा सांगतो. ठशाला गेलेला तडा नाण्यावर उठावदार रेघ होऊन उमटतो, आणि तडा वाढतच जातो, बुजत नाही. रेघ लांब, ते नाणं नंतरचं. नाण्यावर साल नसतानाही असा क्रम लागतो. आणि शंभर नाण्यांत तेच तेच ठसे आले तर टांकसाळ छोटी. जवळजवळ दर नाण्याला नवा ठसा निघाला, तर पाडलेल्या नाण्यांपैकी चिमूटभरच आपल्या हाती लागली आहेत.

राज्याची हद्द ठरवताना मात्र जपून. चांदी दूरवर फिरते, तांबं सहसा फार लांब जात नाही. म्हणून तांब्याची नाणी कुठे सापडली ते आधी बघावं. नंतरच्या काही कुणिंद नाण्यांवर तर राजाचं नावच नाही. त्रिशूळधारी शिव आणि ‘भगवत छत्रेश्वर महात्मनः’ एवढंच. राज्य देवाच्या नावानं चालत असावं. अल्मोड्याकडचे शिवदत्त, हरिदत्त किंवा कुल्लूचा वीरयशस यांची नाणी इतकी थोडी मिळाली आहेत, की तिथे ठशांची साखळी जुळवायचं नावच नको.