राजधातू विरघळतो, तोही सिग्नलवर

३० मार्च २०२२ ला आपले नागपूरचे खासदार नितीन गडकरी हायड्रोजनवर चालणाऱ्या टोयोटा मिराईतून संसदेत गेले. फोटोपाठोपाठ 'पाण्यावर चालणारी गाडी' ग्रुपाग्रुपांवर फिरू लागली. अहो, पाणी म्हणजे जळून गेलेल्या हायड्रोजनची राख. मिराईच्या मागून ती गळते. टाकीत हायड्रोजनच भरावा लागतो.

मला हे आठवलं इतवारीच्या सराफ्यात. अंगठी बघत होते, तर सराफ म्हणाले, "प्लॅटिनम आहे ताई, जन्मभर काही होत नाही." अंगठीपुरतं खरंय. राजधातू, अम्लराजाशिवाय विरघळत नाही, हे आपण शाळेतच शिकलो. मिराईच्या पोटातल्या फ्युएल सेलमध्ये, म्हणजे हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांपासून वीज बनवणाऱ्या घटात, मात्र हाच राजधातू विरघळतो.

सेलच्या एका बाजूला हायड्रोजन फुटतो; त्याचे धनभारित प्रोटॉन मधल्या पातळ पटलातून पलीकडे जातात. ते काम प्लॅटिनम चुटकीसरशी करतं. घोडं अडतं दुसऱ्या बाजूला, ऑक्सिजनपाशी. प्लॅटिनम त्याला जरा जास्तच घट्ट धरतं. म्हणून त्यात कोबाल्ट मिसळतात. कोबाल्टचा अणू लहान, त्यामुळे प्लॅटिनमचे अणू एकमेकांजवळ ओढले जातात आणि ऑक्सिजनवरची पकड सैल होते. संमिश्राचे हे कण जेमतेम ३ ते ५ नॅनोमीटरचे, कार्बनच्या भुकटीवर बसवलेले.

आता समजा, अजनी चौकात सिग्नल लागला. वीज कमी ओढली जाते तेव्हा सेलचा व्होल्टेज चढतो, ०.९ व्होल्टच्या आसपास. हिरवा दिवा लागून गाडीनं वेग घेतला की ०.६-०.७ वर उतरतो. वर असताना प्लॅटिनमवर ऑक्साइडचा थर धरतो. थर नुसता टिकून राहिला असता तर कवचासारखा उपयोगीच पडला असता! पण ऑक्सिजनचे काही अणू पृष्ठभागाखाली शिरतात, प्लॅटिनमचे वर उचलले जातात. चक्क जागांची अदलाबदल. व्होल्टेज उतरला की ऑक्साइड सुटतं आणि उचललेल्यांपैकी काहींना परतीची जागा सापडत नाही. ते आयन होऊन निसटतात. व्होल्टेज एका जागी ठाण मांडून बसण्यापेक्षा त्याची ही चढउतारच प्लॅटिनमला जास्त बाधते.

निसटलेलं प्लॅटिनम जातं कुठे? बरंचसं मोठ्या कणांवर जाऊन बसतं. मे महिन्यात वीज ये-जा करते तेव्हा फ्रीजरमधलं आइस्क्रीम जिभेला खरखरीत लागतं ना, तोच प्रकार: बारीक बर्फकण विरघळतात, पाणी मोठ्या कणांवर गोठतं. मोठ्या कणांचं एकूण पृष्ठफळ कमी, म्हणून वीजही कमी. थोडं प्लॅटिनम मधल्या पटलात शिरतं, तिथे पलीकडून झिरपणाऱ्या हायड्रोजनमुळे पुन्हा धातू बनतं आणि कायमचं वाया जातं.

कोबाल्टची तऱ्हा वेगळी. तो सेलमधल्या आम्लधर्मी वातावरणात आधीच विरघळतो. सुरुवातीला पृष्ठभागावरचा कोबाल्ट गेला तर वर निव्वळ प्लॅटिनमची साल उरते, आणि ती चांगलीच असते. पण वरचं प्लॅटिनम झिजत गेलं की आतला कोबाल्टही उघडा पडून सुटतो आणि पटलात प्रोटॉनच्या जागा अडवतो. त्याच्यावर दोन धनभार, म्हणून एसटीत एकट्यानं दोन सीटांवर रुमाल टाकावा तसं. प्रोटॉन मग ताटकळतात.

यावर उपाय आहेत: गाडीतली बॅटरी वेगाचे झटके अंगावर घेते आणि सेलची चढउतार कमी करते. शिवाय प्लॅटिनम आणि कोबाल्टचे अणू एकाआड एक थरांत शिस्तीनं रचलेले कणही तयार करतात. त्यांतून कोबाल्टला निसटणं कठीण जातं.