‘काहीतरी शांत लाव’ : मनावरच्या ठशावरून गाणं शोधण्याची पार्श्वभूमी

मोबाइलला ‘काहीतरी शांत लाव’ सांगायची सोय अलीकडची. फर्माईश मात्र जुनीच. इंदूरच्या बैठकीत श्रोता रागाचं नाव घेईलच असं नसे. समोर कोण बसलंय, वेळ कुठली, हे बघून गवई काय ते ठरवायचा. रेडिओच्या फर्माइशीला गाण्याचं, नाहीतर चित्रपटाचं नाव लागू लागलं आणि संगणकाच्या शोधानेही आधी तीच वाट धरली.

भाव मोजायचे प्रयत्न त्याआधीचे. १९३६ मध्ये अमेरिकेत संगीताला लागणारी विशेषणं आठ गटांत, वर्तुळात मांडली गेली. १९५७ मध्ये ‘शांत–अशांत’ अशा परस्परविरोधी शब्दांच्या जोड्या घेऊन सात पायऱ्यांवर खूण करायची पद्धत पुस्तकरूपात आली. पुढे जपानमध्ये अशा जोड्यांवरून गाणी शोधण्याचं बरंच काम झालं.

खरा घोळ, यंत्राला गाण्याचा भाव ओळखता येतो का, याच्या २००७ च्या जाहीर चाचणीत दिसतो. यंत्रांना तीस-तीस सेकंदांचे ६०० तुकडे पाच भावगटांत वाटायचे होते आणि चाचणीला तुकडे घेतले ते निदान दोन ऐकणाऱ्यांचं मत जुळलेलेच. मत न जुळलेले गाळले. मोजणीला हे सोयीचं, पण माणसागणिक बदलतं ते नेमकं यातच गेलं. शिवाय तीस सेकंद! इंदूर घराण्याच्या अतिविलंबित, म्हणजे फार संथ, झुमरा तालाचं एक आवर्तनसुद्धा तेवढ्यात पुरं होत नाही. मारवा राग घ्या. लय संथ, आवाज खालचा, म्हणून यंत्र त्याला ‘शांत’मध्ये टाकणार. पण त्यात पंचम (‘प’) वर्ज्य, रिषभ (‘रे’) कोमल आणि षड्जावर, म्हणजे मूळ ‘सा’वर, टेकायची टाळाटाळ. त्या रागाने एकाला हुरहूर लागते, दुसऱ्याचा दिवसभराचा शीण उतरतो. सरासरी काढली की दोघांचंही गाणं हुकतं.

व्यक्तीनुसार शोधाची कल्पना इथेच कामाची. आधी काही गाण्यांवर तुमच्याकडून खुणा करून घ्यायच्या, सर्वसाधारण श्रोत्यापेक्षा तुमची खूण किती सरकते ते पाहायचं आणि पुढचा शोध तेवढा वळवायचा. पण एवढ्या खुणा करत बसणार कोण? म्हणून स्ट्रीमिंगवाल्यांनी वागणं वाचायला घेतलं: काय अर्ध्यात सोडलं, काय परत लावलं. आता तर वाक्य लिहूनही गाणं मागता येतं.

वागणं वाचण्यातही मेख आहेच. एकाच खात्यावर सकाळी आजीचे अभंग, दुपारी सूनबाईंची नाट्यगीतं आणि रात्री नातवाची रीलमधली गाणी वाजतात. यंत्राच्या लेखी हा सगळा एकच श्रोता.