पलंगाखाली बसलेल्या कुत्र्याला ओढून काढू नका
(दत्तक कुत्रं घरी नेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

बोर्डिंग किंवा ग्रूमिंगसाठी आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना ठाऊक आहे, की मागच्या दोन खोल्यांत आम्ही टाकून दिलेली कुत्रीही सांभाळतो आणि त्यांना घर शोधून देतो. सध्या तिथे बकुळी आहे. स्पिट्झच्या वळणाची, बदामी रंगाची, जेमतेम 6 किलोची मादी. दिवाळीत चार दिवसांसाठी म्हणून ती आमच्याकडे ठेवली गेली आणि पाचव्या दिवसापासून त्या घरचा फोन बंद झाला. स्वभावाने अतिशय लाजाळू, पण एकदा ओळख पटली की मायेला तोड नाही.

तिला बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "आजच घेऊन जाऊ का?" आणि अशी लाजाळू कुत्री नेलेल्यांचा तिसऱ्या-चौथ्या दिवशी हमखास फोन येतो, "ती पलंगाखालून बाहेरच येत नाही हो, काय करायचं?" उत्तर एका वाक्याचं आहे. काही करू नका, तिथेच राहू द्या. पण फोनवर ते कुणाला पटत नाही, म्हणून हे पत्रक.

बकुळीला आम्ही एकदा घर दिलं होतं. माणसं चांगली होती, आजही त्यांच्याबद्दल मनात काही नाही. पहिल्याच संध्याकाळी शेजारपाजारचे, मामा-मामी, मुलांचे मित्र असे सगळे तिला बघायला जमले. ती पलंगाखाली गेली. दोन दिवस जेवली नाही म्हणून काळजीपोटी कुणीतरी आत हात घातला आणि पुढचा पाय धरून तिला बाहेर ओढलं. ती गुरगुरली, तिला दटावलं. पुन्हा ओढलं, तेव्हा तिने मनगटावर दात लावला. कातडी फाटली नाही, नुसता वळ उठला. पाचव्या दिवशी "चावरी आहे" म्हणून ती परत आली. त्यानंतर माझ्या हातून खायलासुद्धा तिला सहा आठवडे लागले. आधी ती पहिल्याच आठवड्यात खात होती.

नव्या घरात कुत्र्याला वास अनोळखी, माणसं अनोळखी, कुकरच्या शिट्ट्या आणि मिक्सरचा आवाज अनोळखी. त्यात पलंगाखालची जागा एवढीच त्याला आपली वाटते, कारण पाठीला भिंत असते आणि येणारा एकाच बाजूने येतो. तिथूनही ओढलं की ते एवढंच शिकतं, की या घरात लपायलाही जागा नाही. गुरगुरणं म्हणजे उद्धटपणा नव्हे, ते "आता पुरे" असं सांगणं आहे. गुरगुरल्याबद्दल ओरडा खाल्लेलं कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावतं. त्याच्याही आधी खुणा दिसत असतात: भूक नसताना ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई देणं, तोंड फिरवून डोळ्याच्या कडेने पांढरं दाखवणं, शेपूट पोटाशी घेणं. यातलं काहीही दिसलं की हात मागे घ्या.

मग करायचं काय? पलंगापासून तीन-चार हातांवर जमिनीवर बसा. पाठ किंवा कूस तिच्याकडे, डोळ्याला डोळा नाही. हातात पेपर घ्या, भाजी निवडा, काहीही करा. बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा पनीर, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे, तिच्या बाजूला टाकत राहा आणि बोलावू नका. पाण्याचं भांडं तिथेच जवळ ठेवा. घरातल्या एकाच माणसाने हे करायचं. बकुळीच्या बाबतीत आधी नाक बाहेर येतं, मग ती मान लांब करून तुकडा उचलते आणि परत आत जाते. असं वीस-पंचवीस वेळा होतं. मग एके दिवशी तुम्ही मुळीच लक्ष देत नसता तेव्हा तिचा उजवा पंजा तुमच्या पावलावर पडतो. थोड्या वेळाने ती पाठ तुमच्या मांडीला घट्ट चिकटवून बसते आणि एक लांब सुस्कारा सोडते. त्या वेळी डोक्यावर थोपटू नका. डोक्यावरून येणाऱ्या हाताला भित्रं कुत्रं दचकतंच. हनुवटीखाली किंवा छातीवर दोन बोटांनी खाजवा आणि थांबा. तिला हवं असेल तर ती नाकाने तुमचा हात उचलते.

या कामात आम्ही सगळे तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा अंदाज धरतो. तीन दिवस भीतीचे, तीन आठवडे घराचं वेळापत्रक कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला. बकुळीसारखीला जास्त धरा. पहिले पंधरा दिवस पाहुणे नकोत आणि आंघोळही नको. वास येतोय म्हणून पहिल्याच दिवशी आंघोळ घालणारे पुष्कळ असतात. आमच्याकडून नेलेलं कुत्रं आंघोळ घालूनच दिलेलं असतं, आणि पुढच्या दोन आंघोळी आम्ही इथेच मोफत करून देतो, कारण इथला टब आणि ड्रायर तिच्या ओळखीचे आहेत.

बाहेर नेताना नुसत्या गळ्यातल्या पट्ट्यावर नेऊ नका. घाबरलेलं कुत्रं मागे सरकत मान खाली घालतं आणि पट्टा डोक्यावरून सहज निघतो. मुंबई नाक्यासारख्या रस्त्यावर निसटलेलं कुत्रं हाका मारल्याने परत येत नाही. पाठीमागे धावलात तर आणखी लांब जातं. छातीभोवतीचा हार्नेस आणि पट्टा, दोन्हींना वेगळी दोरी लावा. हार्नेस आम्ही तिच्या अंगावर मापून, खरेदीच्या किमतीतच देतो. दुसरीकडून घेतलात तरी चालेल, पण एकदा आणून मापाला बसतो का ते दाखवा.

नाशिककरांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे घरोघरी द्राक्षांच्या पेट्या येतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी आहेत, त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल त्याला कारण असावं, असं आता मानलं जातं. सुरक्षित प्रमाण असं काही नाही, आणि 6 किलोच्या जिवाला तर थोडीही पुरतात. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेही यात आले. खाल्ल्याचं कळलं की उलट्या सुरू व्हायची वाट न बघता डॉक्टर गाठा. कांदा, लसूण आणि चॉकलेटही नको.

गणपतीच्या आधी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की या कुत्र्यांना फार त्रास होतो. संध्याकाळचं फिरणं त्या दिवसांत लवकर उरका आणि घरातली सर्वांत आतली खोली, पंखा चालू, पडदे ओढून, मोकळी ठेवा. विसर्जन आणि दिवाळीचे दिवस आमच्याकडे बोर्डिंगला ठेवायचं असेल तर आमच्याकडून दत्तक गेलेल्या कुत्र्यांना जागा आधी मिळते. मात्र महिनाभर आधी सांगा.

आता पहिल्या प्रश्नाकडे, आजच का देत नाही. आम्ही तीन भेटी मागतो. काहींना तो अडवणुकीचा प्रकार वाटतो, काही रागावून निघूनही गेले. पण तिसऱ्या भेटीला ती तुमच्या चपलेचा वास ओळखते, आणि तेवढ्या ओळखीने घरचे पहिले तीन दिवस सोपे जातात. तिसऱ्या भेटीला घरातली एक जुनी चादर किंवा ओढणी आणून ठेवा. ती त्यावर दोन रात्री झोपते आणि तीच चादर तिच्याबरोबर घरी येते. वाढदिवसाची सरप्राइज भेट म्हणून आम्ही कुत्रं देत नाही, कितीही गळ घातली तरी. घरातल्या सगळ्यांचा होकार आम्हाला समोर ऐकायचा असतो. "सोसायटी परवानगी देत नाही" असंही बरेच जण म्हणतात. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही सोसायटीला कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही. सूचनांची प्रत आमच्याकडे आहे, मागून घ्या.

कुत्र्याची किंमत आम्ही घेत नाही. नसबंदी आणि लशींचं डॉक्टरांचं बिल तेवढं घेतो, पावतीसकट. बकुळीची नसबंदी झाली आहे, रेबीजची लस दिली आहे आणि ती दरवर्षी द्यायची आहे. लस असली तरी दात लागून कातडी फाटली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. जमलं नाही तर कुत्रं आमच्याकडेच परत आणा, रस्त्यावर किंवा दुसऱ्या कुणाकडे सोडू नका. पण आणण्याआधी एक फोन करा. रात्री 10 पर्यंत मी स्वतः उचलतो, आणि गरज पडली तर नाशिक शहरात घरी येऊन बघतो, त्याचे पैसे नाहीत.

बकुळीला भेटायचं असेल तर सोमवार सोडून दुपारी 4 ते 6 या वेळात या. पहिल्या भेटीला दोघंच जण, अत्तर न लावता. ती बाकाखाली असेल. तुम्ही बाकाशेजारी खाली बसा, चिकनची वाटी मी देतो.